काठी उभी राहीपर्यंत

बांबूउडी पाहावयास गेलेला मनुष्य बहुधा आडव्या दांडीकडे पाहत असतो. दांडी राहिली की टाळ्या वाजवितो, पडली की हळहळतो. खेळाडू धावत येतो, काठी रोवतो, वर जातो आणि पलीकडे गादीवर पडतो. जमिनीवरून पाय सुटल्यापासून दांडी ओलांडीपर्यंतचे काम फार तर दीड-दोन सेकंदांचे. तेवढ्यात त्या शरीराने किती जागा बदलल्या, ते केव्हा लांब होते, केव्हा गोळा झाले, डोके केव्हा खाली गेले आणि पाय केव्हा वर झाले, हे साध्या नजरेला टिपता येत नाही. उडी साधते किंवा बिघडते ती मात्र तेथेच. दांडी केवळ निकाल सांगते. खटला आधीच चाललेला असतो.

हा खटला जवळून पाहण्याचा योग या वयात आला, त्याला घरचेच कारण झाले. माझी नात चौदा वर्षांची. सात वर्षे दोरीच्या मल्लखांबावर वाढलेली. गेल्या पावसाळ्यानंतर एका प्रशिक्षक बाईंनी तिला पाहिले आणि पोल व्हॉल्ट, म्हणजे आपली जुनी बांबूउडी, शिकण्यासाठी मागितले. पालकांच्या संमतीचा कागद घरी आला. मुलगा व सून नोकरीनिमित्त परदेशी, तेव्हा सही करावयाची ती मी. कागद दिवाणखान्यातल्या टेबलावर पडून राहिला आणि घरात दोन पक्ष पडले.

थोरल्या वहिनींचा पक्ष स्पष्ट होता. त्या म्हणाल्या, "भाऊजी, पोर मानेवर पडली तर तुम्ही काय उत्तर देणार आहात?" या प्रश्नाला हसून उत्तर देता येत नाही. दुसरा पक्ष पुतण्याचा. त्याचे म्हणणे असे, "काका, यात नवे ते काय? हा आपला मल्लखांबच. खांबाऐवजी काठी, एवढाच फरक." सौभाग्यवती कोणत्याच पक्षात गेल्या नाहीत, त्यांनी कागदावर फुलदाणी ठेवली, म्हणजे तो उडू नये. मी म्हणालो, महिनाभर मैदानावर जाऊन बसतो. मुलगी तोवर जमिनीवरचे प्राथमिक धडे घेईल. मग सही करावयाची की नाही ते सांगतो.

माझ्याकडे हे काम येण्यास आणखीही एक कारण होते. १९६३ ते १९६६ या वर्षांत मी कॉलेजात बांबूउडी मारीत असे. आमचा बांबू खरोखरीचा बांबू होता. पेरांवर चिकटपट्टी गुंडाळलेली, टोकाला लोखंडी टोपी. पलीकडे वाळू आणि लाकडाचा भुसा यांचा खड्डा. त्या खड्ड्यात माणसाला पायांवरच उतरावे लागे, आणि या एका गोष्टीने हवेतली सारी ढब ठरून जाई. जेथे पाठीवर पडावयाची सोय नाही तेथे कोणी फार काळ उलटा राहत नाही.

आज तरुण खेळाडूंना जुन्या उड्यांचे आकडे लहान वाटतात. त्यांना या खड्ड्याची आठवण करून दिली पाहिजे. १८९६ साली अथेन्सच्या पहिल्या ऑलिंपिकमध्ये विल्यम हॉइट ३ मीटर ३० सेंटिमीटरवर जिंकला. अमेरिकेच्या कॉर्नेलियस वॉर्मरडॅमने १९४० साली बांबूच्या काठीने १५ फूट, म्हणजे ४.५७ मीटर, प्रथम ओलांडले आणि १९४२ साली तो ४.७७ मीटरपर्यंत गेला. तो विक्रम १९५७ पर्यंत कोणाला मोडता आला नाही. बांबू फारसा वाकत नाही. तो माणसाला वर फेकीत नाही. त्यामुळे वॉर्मरडॅमच्या पिढीने जे मिळविले ते जवळजवळ सर्व धावण्यातून, लोंबकळण्यातून आणि योग्य वेळी उलटे होण्यातून मिळविले.

पुढे फायबरग्लासची, काचतंतूंची काठी आली. ती धनुष्यासारखी वाकते आणि सरळ होताना माणसाला वर घेऊन जाते. फेब्रुवारी १९६२ मध्ये जॉन उल्सेसने १६ फूट ओलांडले आणि ऑगस्ट १९६३ मध्ये जॉन पेनेलने १७ फूट. १५ फुटांवरून १६ फुटांवर जाण्यास बावीस वर्षे लागली. पुढचा फूट दीड वर्षात आला. त्याच सुमारास भुशाच्या खड्ड्याच्या जागी जाड मऊ गाद्या आल्या. आता पाठीवर पडता येऊ लागले, आणि माणूस हवेत पुरता उलटा होऊ लागला. काठी आणि गादी या दोहोंनी मिळून शरीराची ढब बदलली. आमच्या वेळी काठी रोवताना खालचा हात सरकवून वरच्या हातापाशी नेत असत; आता दोन हातांमध्ये खांद्याएवढे अंतर शेवटपर्यंत राहते. म्हणजे मैदानावर जाताना माझ्याकडे अनुभव होता, परंतु तो दुसऱ्या काठीचा होता, हे ध्यानात ठेवूनच मी खुर्ची मांडली.

पहिले तीन आठवडे दांडीच नाही

मैदान शहराबाहेर आहे. सकाळी साडेसहाला आम्ही पोहोचत असू. बाई गुजराती, परंतु मराठी मुलांमध्ये वावरून चांगली मराठी बोलतात. मला त्या पहिल्या दिवसापासून काका म्हणू लागल्या. मी विचारले, "दांडी केव्हा लावता?" त्या म्हणाल्या, "काका, तीन आठवडे तरी नाही. दांडी दिसली की मुलं तिच्याकडे बघतात. बघितलं की डोकं मागे जातं. डोकं मागे गेलं की पाठीची कमान होते आणि कंबर वर चढतच नाही."

प्रथम काठी हाती धरण्याचाच धडा. उजव्या हाताच्या खेळाडूचा उजवा हात वर, डावा हात त्याखाली खांद्याएवढ्या अंतरावर. उजवी मूठ कमरेपाशी, डावी छातीपुढे, आणि काठीचे टोक वर. धावता धावता टोक हळूहळू खाली येते, आणि शेवटच्या दोन पावलांत दोन्ही हात कमरेपासून डोक्यावर जातात. पाय जमिनीवरून सुटण्याच्या क्षणी वरचा हात पूर्ण ताठ हवा आणि तो बरोबर उडीच्या पायाच्या वर हवा. पाय त्याच्या फार पुढे पडला तर काठी माणसाला मागे खेचते. खांद्याला झटका बसतो आणि धाव तेथेच मरते.

हे ऐकावयास सोपे आहे. नातीने हे काम चालत चालत केले, मग हलक्या पावलांनी, मग सहा पावलांच्या धावेत. पहिल्या आठवड्यात तिने काठी शेकडो वेळा उचलली असेल, पण ती जमिनीवरून वीतभरही वर गेली नाही. घरी तिला विचारले, कंटाळा येतो का? ती म्हणाली, "आजोबा, सूर लावण्यासारखं आहे. सा लागल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत." तिच्या आजीने फुलदाणी किंचित बाजूला केली.

धाव इतकी महत्त्वाची का, याचा हिशेब शाळेतल्या पदार्थविज्ञानात बसतो. धावणाऱ्याचा वेग उंचीत बदलावयाचा आहे. मुलगी दर सेकंदाला सहा मीटर धावली तर तो सारा वेग तिला सुमारे १ मीटर ८० सेंटिमीटर वर नेऊ शकतो. शरीराचा भारमध्य आधीच जमिनीपासून सुमारे एक मीटरवर असतो. तो त्यात मिळवावयाचा. वेग दहा मीटर झाला तर नुसत्या वेगाचेच पाच मीटरांहून अधिक होतात. मोठे खेळाडू सहा मीटरांवर जातात ते यामुळे. वाकणारी काठीही स्वतःजवळचे काही देत नाही. तिला जे दिले ते ती थोडा वेळ ठेवून घेते आणि परत करते. मात्र परत घेणारा त्या वेळी योग्य जागी असावा लागतो. सारी विद्या या शेवटच्या वाक्यात आहे.

शिडी आणि बादली

दुसऱ्या आठवड्यात वाळूचा खड्डा आला. आखूड, न वाकणारी काठी. खाली हात धरून चार पावले धावावयाचे, काठी वाळूत रोवावयाची आणि लोंबकळत पलीकडे उतरावयाचे. येथे बाईंचा एकच मंत्र चाले. मूल हवेत गेले की त्या ओरडत, "लांब, लांब, लांब!" म्हणजे अंग आखडू नका. उजवा गुडघा पुढे, डावा पाय मागे ताठ, छाती पुढे, हात वर. बाजूने पाहिले तर शरीराची एक लांब कमान दिसते.

नवशिक्याला नेमके हेच जमत नाही, कारण त्याच्या शरीराला ते पटत नाही. जमीन सुटली की प्राण्याची पहिली बुद्धी आखडून घेण्याची. गुडघे पोटाशी येतात, कोपर वाकतात, माणूस काठीला बिलगतो. आणि बिलगला की काठी अर्ध्या वाटेत उभी राहते, थरथरते आणि मागे येऊ लागते.

असे का व्हावे? शिडी भिंतीला लावण्याचे उदाहरण घ्या. शिडीच्या वरच्या टोकाला पाण्याची बादली बांधली असेल तर ती एका धक्क्यात उभी करणे कठीण. तीच बादली दोन हात खाली बांधा, तेवढ्याच धक्क्यात शिडी सहज उभी राहते. उडी मारणारा हा त्या काठीला बांधलेली बादली आहे. तो लांब लोंबकळत राहिला तर त्याचा भार खाली राहतो आणि काठी उभी होण्याकडे जाते. त्याने लवकर अंग गोळा करून वर घेतले तर भार वर जातो आणि काठीचा वेग तुटतो. म्हणजे वर जाण्याची घाई करणारा वर जात नाही. काठी पुरेशी उभी राहीपर्यंत त्याने खाली, लांब, मोकळे राहिले पाहिजे. हे थांबणे सेकंदाच्या काही अंशांचे असते, परंतु शिकण्यास महिने लागतात.

लांब राहणे म्हणजे स्वस्थ राहणे नव्हे, हेही बाईंनी समजावून दिले. मागे राहिलेला डावा पाय सरळ ठेवूनच खालून पुढे झोके घेतो, देवळातल्या घंटेच्या लोलकासारखा. लोलक जितका लांब तितका झोका भारदस्त. त्या झोक्याने वाकणारी काठी आणखी वाकते. झोका पाऊण झाला की शरीर आखूड करावयाचे; मग तेच वळण जलद होते, कंबर हातांपाशी येते, पाठ जमिनीला समांतर होते, पाय डोक्यावरून आकाशाकडे जातात. आधी लांब, मग आखूड, मग पुन्हा लांब, पण आता उलटे. काठी सरळ होऊ लागते तेव्हा तळवे वर आणि डोके खाली असे ताठ शरीर तिच्या कडेने वर सरकते. मग स्वतःभोवती अर्धे वळण, छाती दांडीकडे, प्रथम डावा हात सुटतो, मग उजव्या हाताचा शेवटचा रेटा, आणि पोट आत घेऊन दांडीवरून पलीकडे.

यातली एकही जागा वेगळी शिकवून जोडता येत नाही. कंबर वर का चढली नाही, याचे कारण झोक्यात सापडते. झोका का तुटला, याचे कारण पाय सुटताना हात ताठ नव्हता यात. आणि हात ताठ का नव्हता, याचे कारण चार पावले आधीच्या धावेत. युक्रेनियन प्रशिक्षक विताली पेत्रोव्ह यांच्या पद्धतीचा गाभाही हाच. काठीचे टोक पेटीच्या मागच्या भिंतीला टेकण्यापूर्वीच खेळाडूने आपल्या पायांनी मोकळी उडी घेतली पाहिजे, अशी त्यांची शिकवण. त्यांचा शिष्य सेर्गेई बुबका १९८५ साली पॅरिसला सहा मीटर ओलांडणारा पहिला मनुष्य ठरला आणि १९९४ साली ६.१४ मीटरवर गेला. लोकांनी त्याचे उलटे झालेले शरीर पाहिले. त्याच्या गुरूंनी जपली ती त्याची शेवटची दोन पावले.

मल्लखांब कोठवर सोबत करतो

आता पुतण्याच्या पक्षाकडे येतो. आपल्या बडोद्यात मल्लखांबाची महती सांगावयास नको. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी ज्या विद्येला नवे रूप दिले, ती जुम्मादादा आणि राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांच्या व्यायाममंदिराने येथे रुजविली. व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड याच नगरातून निघाले. ज्या घरांत अंगणातल्या किंवा आखाड्यातल्या शिसवी खांबाचा एरंडेलाचा वास अजून कोणाला आठवतो, तेथे उलटे होणे म्हणजे भीतीची गोष्ट नाही.

याचा लाभ तिसऱ्या आठवड्यात दिसला. बाईंनी एक दोर टांगला. मुलांनी धावत येऊन तो धरावयाचा आणि झोक्याबरोबर पाय वर नेऊन उलटे व्हावयाचे. बाकीची मुले अर्ध्यावर अडकत. डोके खाली गेले की दिशाच हरवते. वर कोणते, खाली कोणते, कळेनासे होते. आमच्या मुलीला ते घर होते. सात वर्षे दोरीवर अढी घालणाऱ्या पोरीला पाय वर आणि डोके खाली असताना आपली कंबर कोठे आहे हे न पाहता कळत होते. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काका, हे मला दोन वर्षं शिकवावं लागतं."

याला मोठे दाखलेही आहेत. रशियाची येलेना इसिनबायेवा पंधराव्या वर्षापर्यंत जिम्नॅस्टिक्स शिकत होती. त्या खेळाला उंची जास्त झाली म्हणून ते सोडून ती पोल व्हॉल्टकडे आली आणि २००५ साली लंडनला पाच मीटर ओलांडणारी पहिली स्त्री झाली. २००९ साली झ्युरिकला ५.०६ मीटर गेली.

परंतु त्याच दोराने दुसरी गोष्टही दाखविली. मल्लखांबावर आपण उडी घेतो ती खांबाकडे. हात ओढतात, कोपर वाकते, मांड्या खांबाला पकडतात. पकड हीच तेथली सुरक्षितता. पोल व्हॉल्टमध्ये हात ओढले की काठीचा बाक मोडतो आणि झोका तोकडा होतो. पायांनी काठीला पकडावयाचे नसते, तिच्या कडेने वर जावयाचे असते. नातीचे पाय प्रत्येक वेळी दोराला अढी घालावयास धावत. जी सवय सात वर्षांत हाडांत मुरली तीच येथे आडवी येत होती. बाई तिला म्हणत, "पकडू नकोस, जाऊ दे." आणि ती हसत म्हणे, "पायांना कोण सांगणार?"

मला वाटते, फरकाचे मूळ याहून खोल आहे. मल्लखांब स्थिर असतो आणि माणूस त्याच्याभोवती फिरतो. खांब वाट पाहतो. कसरत करणारा आपल्या लयीने पुढची जागा घेतो. पोल व्हॉल्टची काठी स्वतःच चालत असते. ती पडते, वाकते, उठते, सरळ होते, आणि तिची लय माणसाच्या इच्छेवर थांबत नाही. येथे वाट पाहावयाची ती माणसाने. म्हणून पुतण्याला मी सांगितले की, बाबा, हा आपला मल्लखांब नव्हे. आपल्या मल्लखांबाने मुलीला उलट्या जगाचा नकाशा दिला, ही फार मोठी शिदोरी आहे. पण त्या जगात केव्हा जावयाचे हे तिने नव्याने शिकले पाहिजे.

वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर

चौथ्या आठवड्यात गादी आणि खरी पेटी. पेटी म्हणजे धावपट्टीच्या शेवटी जमिनीत बसविलेला सुमारे एक मीटर लांबीचा उतरता खळगा, पुढे रुंद आणि मागे निमुळता. काठी तेथे जाऊन अडते. मुलांच्या संमतीच्या कागदांचा खरा विषय म्हणजे हा खळगा आणि त्याच्या भोवतीची वीतभर जागा.

दुसऱ्याच दिवशी नातीची काठी अर्ध्यावर थांबली. मी पाहत होतो. पाय सुटताना हात थोडा वाकला, शरीर लवकर गोळा झाले, काठी क्षणभर उभी राहिल्यासारखी झाली आणि मागे, धावपट्टीकडे, परत आली. बाई बाजूलाच होत्या. त्यांनी पाठीला हात दिला आणि मुलगी दोन पायांवर उतरली. तिला काही लागले नाही. पण चेहरा पांढरा पडला होता. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी तिला पुन्हा चार पावलांवर नेले, हात काठीवर एक वीत खाली घ्यावयास लावला आणि त्याच सकाळी आणखी पाच वेळा नुसते लोंबकळत गादीवर उतरविले.

संध्याकाळी सौभाग्यवतींनी विचारले, "पडली का?" मी म्हणालो, "पडली नाही, परत आली." आणि सारे जसे घडले तसे सांगितले. वहिनी तेथेच होत्या. लपविण्यासारखे काही नव्हते, आणि लपवून मिळविलेली संमती काय कामाची?

या खेळात धोका आहे. १९६३ साली अमेरिकेचा ब्रायन स्टर्नबर्ग हा जगातला सर्वांत उंच उडी मारणारा तरुण होता. त्याच वर्षी ट्रॅम्पोलिनवर कोलांट्यांचा सराव करताना मानेवर पडून तो जन्माचा पांगळा झाला. त्या वर्षी मी प्रथम बांबू हाती घेतला होता, आणि ती बातमी आमच्या मैदानावर पोहोचली होती. अपघात उडीत झाला नव्हता, सरावात झाला होता. म्हणून सरावाचीच चौकशी करावी असे मी ठरविले.

मी बाईंना तीन गोष्टी विचारल्या. काठी कोणत्या वजनासाठी आहे? प्रत्येक काठीवर ती किती वजनाच्या खेळाडूसाठी आहे हे लिहिलेले असते. त्याहून जड मुलाला ती कधी देऊ नये. ती मोडू शकते. बाईंनी नातीचे वजन दर सोमवारी वहीत टिपलेले दाखविले. दुसरे, गादी पेटीच्या दोन्ही कडांना पुढपर्यंत येते काय, आणि पेटीच्या तोंडाभोवती मऊ गादीची कड आहे काय? होती. तिसरे, हात काठीवर वर कोण नेतो? कारण नवशिक्याला उंचीची हाव सुटते ती हातापासून. एक वीत वर धरले की काठी उभी करणे तेवढे कठीण. त्या म्हणाल्या, "हात मी नेते. काठीवर खूण मी करते. खुणेच्या वर धरलं तर त्या दिवशी घरी."

ही तीन उत्तरे मी घरी जशीच्या तशी सांगितली. वहिनींनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे पोरीने थांबायला शिकायचं, आणि बाईंनी थांबवायला." महिनाभर मी जे पाहत होतो ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. मग म्हणाल्या, "मुलींचं आहे का हे, की मुलांचंच?" मी सांगितले की, ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ही स्पर्धा २००० साली सिडनीत सुरू झाली आणि स्टेसी ड्रॅगिलाने ४.६० मीटरवर पहिले सुवर्ण घेतले; पुरुषांनंतर तब्बल एकशे चार वर्षांनी. आणि लांब कशास जावयाचे? २०२२ सालच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत आपल्या गांधीनगरलाच तमिळनाडूच्या रोझी मीना पॉलराजने ४.२० मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला. योगायोग असा की, त्याच स्पर्धांत मल्लखांबाचाही प्रथम समावेश झाला. वहिनी म्हणाल्या, "मग करा सही." फुलदाणी त्यांनीच उचलली.

त्यानंतरच्या रविवारी दांडी लागली. नातीने आठ पावलांच्या धावेने २ मीटर १० सेंटिमीटर ओलांडले. स्वीडनच्या आर्मांड डुप्लांटिसने २०२५ साली टोकियोत ६.३० मीटर उडी मारली, त्याच्या हे तिसऱ्या हिश्शाएवढे. पण मी त्या वेळी दांडीकडे पाहत नव्हतो. हात ताठ होता, डावा पाय लांब होता, आणि एक क्षण, अगदी एक क्षण, ती काहीच न करता काठीबरोबर गेली. मग पाय वर झाले. ते काठीला पकडावयास गेले नाहीत.

आपल्या जुन्या घरांतून आखाड्याची विद्या अजून शिल्लक आहे. कोठे खांब आहे, कोठे दोर आहे, कोठे नुसती आठवण आहे. मुले नवे खेळ मागतात तेव्हा आपण दोन प्रकारे बोलतो: एक तर भितो, नाहीतर हे सारे आमच्याकडे होतेच असे म्हणून हात झटकतो. दोहोंतही मुलाकडे पाहावयाचे राहून जाते. भीती असेल तर मैदानावर जाऊन काठीवरचे वजन वाचावे, गादीची कड हाताने चाचपावी, शिकविणारा मुलाला केव्हा थांबवितो ते पाहावे. आणि अभिमान असेल तर आपल्या विद्येतले काय त्या मुलाला पुढे नेते आणि काय त्याला मागे धरून ठेवते, हे त्याच्याच अंगावर ओळखावे. डोके खाली असतानाही न गोंधळण्याची सवय ही आपल्या आखाड्यांची देणगी आहे, आणि ती कोणत्याही खेळात मुलांच्या उपयोगी पडेल. पकड मात्र जेथे सोडावयाची तेथे सोडू द्यावी.